पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि मधले अंतर

स्कूटरचे ब्रेक आणि रस्त्यावरची बेभरवशाची वाहतूक या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. आपल्या गाडीची कोणती दांडी कोणते चाक अडवते, हे वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या अनेकांना नेमके सांगता येत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी २८ वर्षे गिअरची स्कूटर चालवली. तिचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली होता आणि हाताचा पुढचा ब्रेक मी क्वचितच वापरत असे. आता मुलाने ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर घेऊन दिली आहे. गडबडीच्या क्षणी माझा पाय अजूनही ब्रेक शोधतो. 'पुढचा ब्रेक दाबाल तर पालथे पडाल' असे सगळेच बजावतात आणि 'कॉम्बी ब्रेक असल्यामुळे डावी दांडी पुरेशी आहे' असे विक्रेत्याने सांगितले. मी नेमके काय करावे? (सेवानिवृत्त शिक्षक, सातारा)

पाय ब्रेक शोधतो यात तुमच्या वयाचा काही दोष नाही. २८ वर्षांत त्या पायाला लागलेले ते वळण आहे आणि सरावानेच ते सुटेल. तुमच्या बाजूने एक गोष्ट अशी की, जुन्या गाडीवर थांबताना तुमचा डावा पंजा क्लच दाबत असे आणि नव्या गाडीवर त्याच जागी ब्रेक आहे, त्यामुळे घाबरलेल्या क्षणीही डाव्या हाताकडून काही ना काही ब्रेक लागतोच. शिकवायचे आहे ते उजव्या हाताला. त्याने ॲक्सिलरेटर सोडायचा आणि त्याच हालचालीत बोटे पुढे नेऊन दांडी दाबायची.

आता पालथे पडण्याच्या भीतीविषयी. गाडी थांबू लागली की तिचे आणि तुमचे वजन पुढच्या चाकावर येते. उभ्याने प्रवास करताना बसने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसेच. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. मागचे चाक हलके झाल्यावर त्यावर कितीही जोर लावला तरी ते फिरायचे थांबून रस्त्यावरून फरफटत जाते आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला वळतो. आपल्याकडे 'गाडी स्लिप झाली' असे म्हणतात त्या अनेक प्रसंगांमागे घाईने दाबलेला एकटा मागचा ब्रेक असतो.

हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. संकट दिसल्यापासून हात दांडीवर पोहोचेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपलेले असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावून दर सेकंदाला वेग सेकंदी ५ मीटरने कमी झाला, तर त्यानंतर १२ मीटरच्या आसपास गाडी थांबते. एकट्या मागच्या ब्रेकने याच्या निम्मा परिणाम मिळाला असे धरले, तर १२ चे २५ मीटर होतात. त्या जास्तीच्या १३ मीटरांत एखादा टेम्पो उभा असू शकतो.

मग लोक म्हणतात ते सगळे चूक आहे का? तसेही नाही. हँडल वळलेले असताना, खडीवर, वाळूवर, ओल्या लोखंडी झाकणावर किंवा चिखलात पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पुढचे चाक घसरते, आणि पुढचे चाक घसरल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे पुढचा ब्रेक हँडल सरळ असताना, आणि एकदम न आवळता चढत्या जोराने दाबायचा असतो. पहिल्या क्षणी हलकेच दाबावे, वजन पुढे आल्याचे जाणवले की जोर वाढवावा. ओला टॉवेल पिळताना आपण जसा जोर वाढवत नेतो, तसा हा जोर असतो.

कॉम्बी ब्रेकचे काम समजले की विक्रेत्याचे म्हणणे कुठे अपुरे आहे तेही लक्षात येईल. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक करण्यात आले. तुमच्यासारख्या स्कूटरवर डावी दांडी दाबली की मागच्या ब्रेकबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात ओढला जातो. उजवी दांडी फक्त पुढचा ब्रेक लावते. केवळ डावी दांडी वापरणाऱ्या माणसालाही पुढच्या चाकाची थोडी मदत मिळावी, म्हणून ही सोय केलेली आहे. परंतु तो वाटा मर्यादित असतो. पूर्ण ताकद हवी असेल तर दोन्ही दांड्या दाबाव्याच लागतात. दुसरे असे की, कॉम्बी ब्रेक चाकाला जाम होण्यापासून वाचवत नाही. ते काम एबीएसचे. त्यात चाक जाम होऊ लागल्याचे ओळखून दाब क्षणभर कमी केला जातो आणि पुन्हा वाढवला जातो. ज्या स्कूटरना एबीएस असते, त्यांच्यातही ते बहुधा पुढच्या चाकापुरतेच असते.

रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या, कोरड्या, खडी नसलेल्या मैदानावर जा. हेल्मेट घालून, ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ जात एका खुणेपाशी दोन्ही दांड्यांनी थांबा. नजर पुढच्या चाकावर नको, समोर दूर असू द्या. नजर खाली गेली की हँडल डगमगते. रोज १५-२० वेळा असे आठ-दहा दिवस करा आणि मग वेग थोडा वाढवा. पाय फळीवर आपटणे कधी थांबले, ते तुमच्याही लक्षात येणार नाही.

प्रश्न : माझ्या स्कूटरची डावी दांडी मुठीला टेकेपर्यंत जाते. मेकॅनिक दर महिन्याला मागचा नट आवळून देतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच होते. पावसाळ्यात ब्रेक किंचाळतोही. काळजी करावी का? (नोकरदार महिला, चिंचवड)

करावी, आणि याच आठवड्यात करावी. ड्रम ब्रेकमध्ये दोन अर्धगोल शू आतून ड्रमवर दाबले जातात. शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारा थर, झिजत गेले की दांडीला अधिक अंतर कापावे लागते आणि नट आवळून ते अंतर भरून काढता येते. पण आवळण्यालाही मर्यादा आहे. मागच्या चाकापाशी, जिथे ब्रेकची वायर एका छोट्या पट्टीला जोडलेली असते, तिथे अनेक गाड्यांवर एक बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला पोहोचला, म्हणजे लायनर संपले. मग नट आवळून उपयोग नाही, शू बदलावे लागतात. पंधरा दिवसांत ब्रेक सैल होतो, त्यावरून लायनर शेवटाला आले असावे किंवा वायर ताणली गेली असावी. मेकॅनिकला चाक उघडून दाखवायला सांगा. उघडलेला ड्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दांडीला टोकाशी थोडी मोकळी हालचाल असलीच पाहिजे. बऱ्याच स्कूटरना ती १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. नट आवळल्यावर गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवून पाहा. ते अडखळत असेल तर ब्रेक सतत घासतो आहे, आणि घासणारा ब्रेक तापतो.

सकाळी पहिल्या दोन-चार वेळा येणारा आवाज दमटपणाचा असतो आणि तो आपोआप जातो. किंचाळणे दिवसभर टिकले तर ड्रममध्ये साचलेली धूळ साफ करून घ्यावी. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट आला, तर मात्र गाडी चालवू नका. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक काही वेळ लागत नाही. अशा वेळी मागेपुढे पाहून, हळू वेगात, दांडी हलकी दाबून थोडे अंतर जावे, म्हणजे लायनर वाळते.

पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइलकडेही लक्ष हवे. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. दांडी स्पंजासारखी मऊ लागली तर आत हवा शिरलेली असते. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गाडी धुतल्यावर चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी डिझेल किंवा पॉलिश फवारतात. त्याचा थेंब डिस्कवर किंवा टायरवर पडला तर पुढच्याच वळणावर घात होऊ शकतो. तिथे उभे राहून नको म्हणून सांगा.

प्रश्न : मी रोज कर्वे रस्त्याने कॉलेजला जाते. रिक्षा अचानक थांबते, कोणी इंडिकेटर न देता वळते, दुभाजकाच्या फटीतून उलट दिशेने गाड्या येतात. अंतर ठेवावे तर त्यात दुसराच कोणीतरी घुसतो. अशा लोकांसमोर सुरक्षित कसे राहायचे? (विद्यार्थिनी, पुणे)

अंतरात कोणी घुसले की आपण मागे पडलो असे वाटते, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू. ताशी ३० किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला ८ मीटरहून थोडे अधिक जाता. कोणी घुसला आणि तुम्ही पुन्हा १२ मीटर अंतर सोडले, तर तुमचा साधारण दीड सेकंद गेला. सगळ्या रस्त्यात असे दहा जण घुसले तर १५ सेकंद. इतका वेळ एका सिग्नललाही अपुरा पडतो. तेव्हा घुसणाऱ्याला घुसू द्या आणि पुन्हा तेवढेच अंतर सोडा.

बेभरवशाचे वाटणारे चालकही काही खुणा देतात. त्या इंडिकेटरवर शोधल्या तर सापडत नाहीत. रिक्षाचालकाची मान फुटपाथकडे वळली, तिथे कोणी हात केलेला दिसला किंवा आत बसलेल्या माणसाने पाकीट बाहेर काढले, की रिक्षा थांबणार हे समजून चाला. वळण्याचा विचार करणारी मोटार बहुधा आधी किंचित हळू होते आणि तिच्याकडे नीट पाहिले तर पुढचे चाक आधी वळलेले दिसते. चालकाचा चेहरा तुमच्याकडे असला तरी त्याने तुम्हाला पाहिले असे समजू नका, त्याचे चाक पाहा. उभ्या मोटारींच्या रांगेत एखाद्या मोटारीच्या आत डोके दिसले किंवा मागचे दिवे नुकतेच विझले, तर तिचे दार उघडू शकते; एका दाराच्या रुंदीएवढी जागा सोडूनच पुढे जा. थांब्यावरच्या बसच्या पुढून कोणीतरी धावत येणारच, असे समजून तिथे वेग कमी करा.

बस आणि ट्रक यांच्या डाव्या बाजूला शिरणे मात्र कायमचे सोडून द्या. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि तिथे असलेल्या स्कूटरला जागाच उरत नाही. चालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

दुभाजकाची फट, गल्लीचे तोंड, हॉटेलसमोरची गर्दी अशा ठिकाणी ॲक्सिलरेटर सोडून दोन बोटे दोन्ही दांड्यांवर नुसती ठेवून चला. त्यामुळे अर्धा सेकंद जरी वाचला, तरी ताशी ४० च्या वेगाला साडेपाच मीटर वाचतात, म्हणजे एका मोठ्या मोटारीहून अधिक लांबी. पाठीमागे कोणी चिकटून येत असेल तर थांबण्यापूर्वी ब्रेक हलका दाबून मागचा दिवा आधी पेटवा आणि डावीकडे सरकून त्याला जाऊ द्या. वाद घालू नका, हॉर्नला हॉर्नने उत्तर देऊ नका. राग आलेल्या माणसाची नजर त्या एकाच गाडीवर खिळते आणि उरलेला रस्ता त्याला दिसत नाही.

कुत्रे आडवे आले तर हँडल सरळ ठेवून ब्रेक लावा. ब्रेक आणि वळण एकाच वेळी केले की टायरची पकड दोन कामांत वाटली जाते आणि दोन्ही अपुरी पडतात. रस्त्यावरही लक्ष असू द्या. पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेले तेल मिळून निसरडा थर बनतो. जाड पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक आणि मोठ्या वर्षावृक्षांखाली चिरडलेल्या चिकट शेंगा यांवर ब्रेक लावायची वेळ येऊ नये, म्हणून वेग तिथे पोहोचण्यापूर्वीच उतरवा.

प्रश्न : गळीत हंगामात रात्री आमच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन जातात. मागे दिवा नसतो. कामावरून परतताना मी दोनदा थोडक्यात वाचलो. (कारखान्यातील कामगार, सांगली जिल्हा)

तुमच्या पत्राने मी अस्वस्थ झालो, कारण इथे ब्रेक कितीही चांगला असला तरी डोळ्यांना दिसेपर्यंत तो निरुपयोगी असतो. एखाद्या निवांत रात्री त्याच रस्त्यावर गाडी उभी करा, पुढच्या दिव्याचा झोत खाली (लो बीम) ठेवून समोरची गडद वस्तू कुठवर ओळखू येते ते पाहा आणि पावलांनी मोजा. ताशी ६० च्या वेगाला, वर सांगितलेल्या पद्धतीने, पहिल्या सेकंदाचे १७ आणि ब्रेकचे २८ असे ४५ मीटर लागतात. तुमचे मोजलेले अंतर त्याहून कमी असेल तर तो वेग त्या रस्त्यावर रात्री चालणार नाही. ताशी ४० ला २३-२४ मीटर पुरतात.

समोरून प्रखर दिवा आला तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग तेव्हाच कमी करा; दिवा निघून गेल्यानंतर काही क्षण डोळ्यांपुढे अंधारच असतो आणि नेमक्या त्याच अंधारात ट्रॉली असते. ट्रॉलीच्या बाहेर ऊस लोंबत असतो, म्हणून शेजारून जाताना ट्रॉलीच्या चौकटीपासून नव्हे, तर उसाच्या टोकापासून अंतर धरा. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर ओलांडायला वाटते त्यापेक्षा खूप अधिक रस्ता लागतो. रस्त्यावर सांडलेले पाचट दवाने ओले झाले की चाक घसरते. आपण कारखान्यातच काम करता, तर गाडीतळावर वाहने उभी असताना प्रत्येक ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी लावून घेण्याचा आग्रह जरूर धरा. खर्च थोडा असतो आणि ते काम कोणी मागे लागल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : सिंहगडावरून डबलसीट उतरताना अर्ध्या घाटात जळका वास आला आणि ब्रेक लागेनासे झाले. कसेबसे थांबलो. गाडी तर नवीन होती. (वाचक, धायरी)

गाडीत बिघाड असेलच असे नाही. दोन माणसे आणि स्कूटर मिळून २४० किलो धरले, तर ५०० मीटर उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती साडेतीन लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी असते. त्यातला मोठा भाग त्या लहानशा ड्रममध्ये उष्णता म्हणून साठतो. तापलेल्या लायनरची पकड कमी होते आणि ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच रोखून धरता येते. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये ही मदत थोडी असते, आणि वेग फार उतरला की आतला क्लच सुटून गाडी अगदी मोकळी धावू लागते.

म्हणून उतार सुरू होतानाच वेग कमी ठेवा, वाढल्यावर कमी करण्याची वाट पाहू नका. ब्रेक सतत घासत न ठेवता दोन्ही दांड्यांनी नीट दाबून वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. इंजिन कधीही बंद करू नका. वास येताच सुरक्षित जागी थांबून वीस-पंचवीस मिनिटे गाडी निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. एकदा असे झाल्यावर लायनर तपासून घ्यावे, कारण जळलेला गुळगुळीत थर थंड झाल्यावरही नीट पकडत नाही.

प्रश्न : पर्यटक भाड्याची स्कूटर घेऊन आमच्या अरुंद रस्त्यांवर कुठेही थांबतात. यावर उपाय काय? (वाचक, म्हापसा)

भाड्याची गाडी काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांवरून दुरूनच ओळखता येते. ती दिसली की चालक रस्ता शोधतो आहे, कदाचित त्या गाडीवर आजच प्रथम बसला आहे, असे समजून अंतर दुप्पट करा. तुमच्याकडे येणारे पाहुणे अशी गाडी घेणार असतील तर चावी हातात घेण्यापूर्वी त्यांना दोन्ही दांड्या दाबून गाडी ढकलून पाहायला सांगा. एकेक दांडी दाबून मागचा दिवा पेटतो का आणि टायरच्या खाचा शिल्लक आहेत का, तेही पाहावे. आणि हेल्मेट पट्टा लावूनच घालावे.

प्रश्न : माझी विजेवरची स्कूटर ॲक्सिलरेटर सोडताच स्वतः हळू होते. पण काही सकाळी तसे होत नाही. ब्रेक बिघडला आहे का? (वाचक, नाशिक)

ब्रेक ठीक असण्याची शक्यता अधिक आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर जनित्रासारखी फिरून गाडीच्या वेगातून वीज तयार करते आणि ती बॅटरीत भरते; तुम्हाला जाणवणारा अडथळा तो आहे. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते, म्हणून हा अडथळा कमी होतो किंवा थांबतो. रात्रभर चार्ज करून ज्या सकाळी निघता, त्याच सकाळी असे होते का ते पाहा. तसे असेल तर पहिल्या काही किलोमीटरांत गाडी नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबेल, हे धरून हाताचे ब्रेक लवकर वापरायला सुरुवात करा. बॅटरी अर्धी असतानाही असे होत असेल, तर गाडी दुरुस्ती केंद्रात दाखवा.